सरपण आणि ऊब : आइसलँडमधील टर्फची घरे

आइसलँडमध्ये कायमची वस्ती 9व्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. मुख्यतः नॉर्वेहून आलेल्या या लोकांना लाकडी खांबांच्या लांबट घरांची सवय होती. बेटाचा चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग तेव्हा झाडीखाली असावा. पण ती झाडी खुरट्या बर्चची होती. तिच्यातून सरपण आणि बारीक वासे मिळत, तुळया मिळत नसत. त्यासाठी सैबेरियातील नद्यांमधून समुद्रात आलेले आणि किनाऱ्याला लागलेले ओंडके वापरत. कोणत्या किनाऱ्यावरचे ओंडके कोणाचे, याचे हक्कही ठरलेले असत. भिंती आणि छपरासाठी हाताशी होता तो टर्फ, म्हणजे गवताच्या मुळांनी घट्ट विणलेला जमिनीचा वरचा थर. कुळांच्या झोपड्यांपासून बिशपांच्या वाड्यांपर्यंत सगळे बांधकाम त्याचेच असे.

चांगला टर्फ पाणथळ कुरणात मिळे, कारण तेथे मुळे दाट आणि वाळू कमी. पाचरीच्या आकाराची ढेकळे कापून ती तिरकी रचत. एका थराचा कल उजवीकडे, तर वरच्या थराचा डावीकडे. मधूनमधून टर्फच्या लांब पट्ट्या घालून थर बांधून घेत. भिंतीच्या दोन तोंडांमध्ये माती ठासून भरत, त्यामुळे तिची जाडी एक मीटरच्या पुढे जाई. छपराचा भार मात्र आतला लाकडी सांगाडा पेली. वाशांवर काटक्या किंवा दगडी फरश्या आणि त्यांवर टर्फ अंथरत. पाख्यांचा उतार नेमका साधावा लागे : कमी झाला तर पाणी झिरपे, जास्त झाला तर टर्फ सुकून भेगा पडत. काही दशकांनी भिंती पुन्हा उभाराव्या लागत; जुने लाकूड मात्र नव्या घरात परत वापरले जाई.

सुरुवातीच्या घरांचा आराखडा स्तोंग येथे 1939 साली झालेल्या उत्खननात स्पष्ट झाला. हेक्ला ज्वालामुखीच्या राखेने झाकलेल्या या वाडीत मध्यभागी अग्निकुंड असलेले लांब दालन, बैठकीची खोली, शौचकूप आणि दुधदुभत्याचे कोठार होते. कोठारात मोठ्या पिंपांच्या खुणा सापडल्या. हिवाळ्याचे अन्न आंबट निवळीत मुरवून अशा पिंपांत टिकवत.

मोठ्या दालनात आग पेटती ठेवायची तर सरपण मुबलक हवे. तोड आणि मेंढ्यांची चराई यांमुळे बर्च हटत गेला. 20व्या शतकापर्यंत त्याखाली सुमारे एक टक्का जमीन उरली. स्वयंपाकाला पीट आणि मेंढवाड्यातील वाळवलेले शेण जाळू लागले. घरे त्यानुसार बदलली. मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून एका दालनाऐवजी लहान लहान खोल्या आल्या आणि त्या एका अरुंद, अंधाऱ्या बोळाने जोडल्या गेल्या. दारातून शिरलेली थंडी बोळातच अडे. बोळाच्या टोकाला ‘बाथस्तोवा’ असे. बहुतेक घरांत या खोलीत शेगडी नसे. माणसांच्या अंगाचीच ऊब. काही ठिकाणी तिच्याखाली गाई बांधत. भिंतींलगतच्या खाटांवरच जेवण, झोप आणि लोकरीचे काम चाले. संध्याकाळी एकजण मोठ्याने वाचे, बाकीचे सूत कातत.

18व्या शतकाच्या अखेरीस खोल्यांच्या लाकडी, त्रिकोणी दर्शनी भिंती अंगणाकडे एका रांगेत आणण्याची पद्धत रुळली. ग्लाउम्बैर हे तिचे ठळक उदाहरण. परिसरात बांधकामाला योग्य दगड कमी असल्याने तेथील भिंती जवळजवळ निव्वळ टर्फच्या आहेत.

19व्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनहून पन्हळी पत्रे येऊ लागले. 1895 साली स्वेइनातुंगा येथे काँक्रीटचे घर उभे राहिले. आयात कोळसा, आणि 1930पासून रेक्याविकमध्ये नळाने घरोघर पोहोचू लागलेले भूगर्भातील गरम पाणी, यांमुळे ऊब राखण्यासाठी जाड भिंतींवर विसंबण्याची गरज संपली. 1910च्या सुमारास निम्मी घरे टर्फची होती, शतकाच्या मध्यापर्यंत ती तुरळक राहिली. ग्लाउम्बैरमध्ये 1947पर्यंत कुटुंबे राहत होती. आज तेथे संग्रहालय आहे. 2011 साली आइसलँडने टर्फ घरांची परंपरा युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत नोंदवली.