१०९९-के प्रपत्राचा ताळमेळ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कार्डाने किंवा ऑनलाइन मध्यस्थामार्फत व्यापाऱ्यास मिळालेल्या रकमांचे जे वार्षिक विवरण पेमेंट कंपनी आयआरएस या संघीय महसूल खात्याकडे पाठविते व ज्याची प्रत व्यापाऱ्यासही देते, ते त्याच्या विक्रीच्या दफ्तराशी पडताळून पाहण्याची क्रिया. या प्रपत्राची तरतूद २००८ च्या कायद्याने झाली व २०११ पासूनच्या व्यवहारांस ती लागू झाली. ऑनलाइन मध्यस्थांसाठी वर्षास २०,००० डॉलरांहून अधिक रक्कम व २०० हून अधिक व्यवहार अशी मर्यादा होती. २०२१ मध्ये ती ६०० डॉलरांवर आणण्याचे ठरले, परंतु अंमल वारंवार लांबणीवर पडून २०२५ च्या कायद्याने जुनी मर्यादाच पुनःस्थापित केली. कार्डाच्या व्यवहारांस मर्यादा नाही.

तफावतीचे मूळ असे की, प्रपत्रात ढोबळ रक्कमच नमूद होते. १०० डॉलरांच्या विक्रीतून ३ डॉलर हशील वजा होऊन बँकेत ९७ जमा झाले, तरी प्रपत्रात १००च दिसतात. पुढे माल परत येऊन पैसे फेडले, तरी तो आकडा घटत नाही. ३१ डिसेंबरच्या विक्रीचे पैसे जानेवारीत हाती आले, तरी ती सरत्या वर्षातच धरली जाते. म्हणून प्रपत्रातील महिनावार रकमा रोजकीर्दीशी ताडून, हशील, परतावे, विक्रीकर व बक्षिसी यांची स्वतंत्र खतावणी करणे इष्ट ठरते. रोखीची विक्री प्रपत्रात नसते. तथापि उत्पन्नात ती दाखविणे बंधनकारकच आहे.