कुटुंबाधारित स्थलांतर (अमेरिका)

कुटुंबाधारित स्थलांतर ही अमेरिकेत कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना, म्हणजेच ग्रीन कार्ड, मिळवण्याची एक प्रमुख पद्धत आहे. या पद्धतीत अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आपल्या परदेशी नातेवाइकासाठी शासनाकडे विनंतीअर्ज करतो. अर्ज करणाऱ्यास प्रायोजक, तर ज्याच्यासाठी अर्ज केला जातो त्यास लाभार्थी म्हणतात. ग्रीन कार्डधारकाला केवळ जोडीदार आणि अविवाहित अपत्ये यांच्यासाठीच अर्ज करता येतो. नागरिकत्व मिळाल्यावर आई-वडील, विवाहित अपत्ये आणि भावंडे यांच्यासाठीही हा मार्ग खुला होतो. मात्र नागरिकत्वामुळे आधीच दाखल असलेल्या अर्जांचे स्वरूपही बदलते आणि हा बदल प्रत्येक वेळी कुटुंबाच्या सोयीचा असतोच असे नाही.

पार्श्वभूमी

१९२४ च्या कायद्याने अमेरिकेत देशनिहाय कोटा ठरवला होता व आशियातून होणारे स्थलांतर जवळजवळ बंद केले होते. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वाक्षरी केलेल्या हार्ट-सेलर कायद्याने ही पद्धत मोडीत काढून कौटुंबिक नात्यांना प्राधान्य दिले. बहुसंख्य अमेरिकन युरोपीय वंशाचे असल्याने त्यांचे नातेवाईकही युरोपातूनच येतील, अशी कायद्याच्या काही समर्थकांची अटकळ होती. ती साफ चुकली. पुढील दशकांत स्थलांतरितांचा ओघ प्रामुख्याने आशिया व लॅटिन अमेरिकेतून आला. आजचे प्राधान्यगट व त्यांच्या संख्यामर्यादा १९९० च्या कायद्याने निश्चित झाल्या आहेत.

निकटचे नातेवाईक

नागरिकाचा पती वा पत्नी, २१ वर्षांखालील अविवाहित अपत्ये आणि आई-वडील यांना कायदा ‘निकटचे नातेवाईक’ मानतो. आई-वडिलांसाठी अर्ज करणाऱ्या नागरिकाचे वय किमान २१ असावे लागते. या वर्गाला वार्षिक संख्यामर्यादा नाही, त्यामुळे प्रतीक्षा केवळ कागदपत्रांच्या छाननीपुरती असते. सावत्र अपत्यासाठी, नाते निर्माण करणारा विवाह त्या अपत्याच्या १८ व्या वाढदिवसापूर्वी झालेला असावा लागतो. २०१३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या विंडसर खटल्याच्या निकालापासून समलिंगी जोडीदारांनाही हा लाभ मिळतो. ग्रीन कार्ड मिळताना विवाहाला दोन वर्षे पूर्ण झाली नसतील, तर जोडीदाराला आधी दोन वर्षांचे सशर्त कार्ड दिले जाते.

या वर्गाची एक मर्यादा अनेकांच्या उशिरा लक्षात येते. येथे एका अर्जावर एकच व्यक्ती येऊ शकते. मुलीने आईसाठी अर्ज केला, तर आईबरोबर तिचा अल्पवयीन धाकटा मुलगा येऊ शकत नाही. आईला ग्रीन कार्ड मिळाल्यावर तिने त्याच्यासाठी स्वतंत्र अर्ज करायचा, किंवा नागरिक बहिणीने भावंडांच्या रांगेत त्याचे नाव लावायचे, एवढेच मार्ग उरतात.

प्राधान्यगट

उर्वरित नातेवाइकांसाठी दरवर्षी मर्यादित व्हिसा उपलब्ध असतात. नागरिकाच्या २१ वर्षांवरील अविवाहित अपत्यांचा पहिला गट असून त्यासाठी २३,४०० व्हिसा राखीव आहेत. दुसरा गट ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांचा व अविवाहित अपत्यांचा (१,१४,२००), तिसरा नागरिकाच्या विवाहित अपत्यांचा (२३,४००), तर चौथा प्रौढ नागरिकाच्या भावंडांचा (६५,०००) आहे. या गटांत लाभार्थ्याचा जोडीदार व २१ वर्षांखालील अविवाहित अपत्ये त्याच अर्जावर सोबत येऊ शकतात. आजी-आजोबा, काका, मामा, आत्या, मावशी आणि चुलत-मावस भावंडे यांच्यासाठी कोणताही गट नाही. सासू-सासऱ्यांसाठीही नाही, त्यांच्यासाठी जोडीदाराने स्वतः नागरिक होऊन अर्ज करावा लागतो.

कुटुंब व रोजगार या दोन्ही प्रकारांतील एकूण वार्षिक व्हिसांपैकी कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांपेक्षा अधिक सहसा मिळत नाहीत. त्यामुळे भारत, मेक्सिको व फिलिपिन्स या देशांतील लाभार्थ्यांच्या रांगा विशेष लांब असतात. अर्ज दाखल झाल्याची तारीख हीच रांगेतील जागा असते आणि रांग कुठवर सरकली हे परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा बुलेटिनमधून कळते. भारतात जन्मलेल्या भावंडांना चौथ्या गटात पंधरा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागते. तोपर्यंत त्यांची मुले बहुधा २१ वर्षांची होऊन अर्जाबाहेर पडतात.

नागरिकत्वाचा प्रलंबित अर्जांवर परिणाम

ग्रीन कार्डधारक नागरिक झाला की त्याच्या जोडीदाराचा अर्ज दुसऱ्या गटातून ‘निकटचे नातेवाईक’ या वर्गात जातो व संख्येची रांग संपते. परंतु त्याच अर्जावर सोबत येणारी मुले आता येऊ शकत नाहीत. प्रत्येकासाठी वेगळा अर्ज भरावा लागतो.

वयाच्या प्रश्नावर २००२ च्या बालदर्जा संरक्षण कायद्याने काही दिलासा दिला. नागरिकाने अपत्यासाठी अर्ज केल्यास अर्जाच्या दिवशीचे वय ग्राह्य धरले जाते. अर्जानंतर पालक नागरिक झाला असेल, तर नागरिकत्वाच्या दिवशीचे. त्या दिवशी मूल २१ वर्षांखालील असेल, तर पुढे वय वाढले तरी त्याचा दर्जा टिकतो. २१ वर्षांवरील अविवाहित अपत्य दुसऱ्या गटातून पहिल्या गटात जाते. पहिल्या गटाची रांग अधिक मंद असल्यास लेखी विनंती करून दुसऱ्याच गटात राहण्याची मुभा कायद्यात आहे.

विवाहाच्या बाबतीत मात्र कायदा कठोर आहे. ग्रीन कार्डधारकाच्या विवाहित अपत्यासाठी गटच नसल्याने, पालक नागरिक होण्यापूर्वी मुलाने वा मुलीने लग्न केल्यास अर्ज आपोआप रद्द होतो. नंतर पालकाला नागरिकत्व मिळाले किंवा मुलाचा घटस्फोट झाला, तरी तो पुन्हा जिवंत होत नाही. नागरिकत्वानंतर लग्न झाल्यास अर्ज तिसऱ्या गटात जातो आणि मूळ तारीख कायम राहते. लग्न नागरिकत्वाच्या शपथविधीपूर्वी झाले की नंतर, एवढ्यावर अनेक वर्षांची प्रतीक्षा टिकते किंवा वाया जाते.

प्रक्रिया व दायित्व

नाते सिद्ध करण्यासाठी आय-१३० हा अर्ज भरला जातो. अमेरिकेत रीतसर प्रवेश करून तेथेच असलेला निकटचा नातेवाईक आय-४८५ अर्जाद्वारे देशातच ग्रीन कार्ड मागू शकतो. इतरांना सहसा आपल्या देशात मुलाखत द्यावी लागते. प्रायोजकाला आय-८६४ हे आर्थिक आधाराचे हमीपत्र द्यावे लागते. त्यासाठी त्याचे उत्पन्न शासकीय दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. ते कमी पडल्यास सहप्रायोजक चालतो. ही हमी लाभार्थी नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या खाती कामाच्या ४० तिमाही जमा होईपर्यंत कायम राहते. घटस्फोटानेही ती संपत नाही.

भारतीय लाभार्थी

भारतातील स्थलांतर व्हिसांच्या मुलाखतींचे प्रमुख केंद्र मुंबईतील अमेरिकी वाणिज्य दूतावास असून तो २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ अंमलात येण्यापूर्वीच्या अनेक जन्मांची नोंदच झालेली नाही. अशा वेळी नगरपालिका वा ग्रामपंचायतीकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि वडीलधाऱ्या नातेवाइकाचे प्रतिज्ञापत्र जोडतात. महाराष्ट्रात विवाहानंतर स्त्रीचे मधले नाव व आडनाव, कित्येकदा पहिले नावही, बदलत असे. त्यामुळे दोन भावंडांच्या दाखल्यांवरील आई एकच आहे हे वेगळे सिद्ध करावे लागते.

आई-वडिलांच्या बाबतीत अडचण बहुधा ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर सुरू होते. वर्षाचा बराच काळ भारतात राहून केवळ भेटीपुरते अमेरिकेत जाणाऱ्याने वास्तव्य सोडले असे मानले जाऊ शकते. ६५ वर्षांवरील व्यक्तीने अमेरिकेत पुरेशी वर्षे काम केलेले नसेल, तर सलग पाच वर्षांच्या वास्तव्यानंतरच तिला हप्ता भरून मेडिकेअर ही आरोग्ययोजना घेता येते. म्हणून काही पालक ग्रीन कार्डाऐवजी पर्यटक व्हिसावर ये-जा करणे पसंत करतात.