दृष्टिबाधित किशोरांची सामाजिक कौशल्ये (मोलगी परिसर)

अंध किंवा अल्पदृष्टी असलेल्या, साधारणतः १२ ते १८ वयाच्या मुलामुलींची ओळख करून घेण्याची, बोलणे चालू ठेवण्याची व आवरते घेण्याची, मदत मागण्याची आणि नको असेल तेव्हा ती नाकारण्याची क्षमता. येथे हा विषय नंदुरबार जिल्ह्यातील (अक्कलकुवा तालुका) मोलगी हे सातपुड्यातील बाजाराचे गाव आणि भोवतालचे पाडे यांच्या संदर्भात घेतला आहे.

व्याख्या : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० हून कमी किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांहून कमी असल्यास अंधत्व मानतात. त्याहून बरी, पण ६/१८ च्या पलीकडे न जाणारी दृष्टी ती अल्पदृष्टी. अल्पदृष्टी मुलाचे दुखणे निराळे : त्याला दिसते असे धरून चालणारे लोक, ओळख दिली नाही म्हणून त्याच्यावर रुसतात.

स्वरूप : कोण कंटाळला, कोणाला बोलायचे आहे, कोण उठून गेला, हे डोळस मूल नजरेने टिपते. अंध मुलाला ते कोणी सांगितल्याखेरीज कळत नाही. समोरचा न सांगता निघून गेला, तर ते रिकाम्या जागेशी बोलत राहते. सेल्मा फ्रायबर्ग यांनी अंध अर्भकांवरील १९७७ च्या ग्रंथात दाखवले, की बाळाच्या चेहऱ्यावर न दिसणारी उत्सुकता त्याच्या हातांच्या हालचालींत दिसते. फिलिप हॅटलेन यांनी दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी १९९६ मध्ये मांडलेल्या आठ क्षेत्रांच्या विस्तारित अभ्यासक्रमात सामाजिक व्यवहाराला स्वतंत्र स्थान आहे. डोळे चोळणे, अंग झुलवणे या काही अंध मुलांत दिसणाऱ्या सवयी मोडाव्यात की चालू द्याव्यात, याविषयी एकमत नाही.

आपल्याकडची खास परीक्षा म्हणजे ‘ओळख बघू मी कोण?’. पाहुणे, शेजारी, मास्तर, सगळेच ती कौतुकाने घेतात. आवाज ओळखता आला नाही की मूल ओशाळते आणि पुढे पुढे माणसे टाळू लागते. ‘नाव सांगा ना’ असे न लाजता म्हणणे हा सरावाचा पहिला धडा असावा. दुसरा, सोबत्याला दंड धरून ओढू न देता आपण त्याच्या कोपराच्या वर धरून अर्धे पाऊल मागे चालणे.

परिसर : येथे घरी भिली किंवा पावरी बोलतात, शाळेत मराठी. त्यामुळे ‘आवाजावर लक्ष दे’ हा उपदेश दोन भाषांत पाळावा लागतो. पाडे विखुरलेले, घरे टेकड्यांवर. सवंगडी हाकेच्या अंतरावर असतीलच असे नाही. ऊसतोडीसाठी कुटुंबे गुजरातेत उतरली की उरलेली सोबतही तुटते. आठवडी बाजार आणि होळी या मात्र माणसांत मिसळण्याच्या जागा; ढोलाच्या ठेक्यावर पाऊल टाकायला नजर लागत नाही.

शिक्षण : मुंबईची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा (१९०२), पुण्याची अंधशाळा (१९३४) यांसारख्या जुन्या संस्था शहरांत आहेत. निवासी शाळेत ब्रेल आणि बरोबरीचे मित्र मिळतात, पण गावातली ओळख विरळ होते. गावच्या शाळेत ओळख टिकते, ब्रेलची मात्र वानवा. यात श्रेष्ठ काय, हा वाद जुना आहे. मुलाचे वय आणि घरची स्थिती पाहून ठरवावे, असे सामान्यतः मानले जाते.

खेळ : अंधांच्या क्रिकेटमध्ये खुळखुळणारा चेंडू खालून टाकतात. गोलंदाज ‘रेडी?’ विचारतो, फलंदाज होकार देतो, मग ‘प्ले’ म्हणून चेंडू सुटतो. आपली पाळी ओळखणे आणि समोरच्याच्या होकाराची वाट पाहणे यांचा यापेक्षा चांगला वर्ग सापडणे अवघड. अकरा जणांत किमान चार पूर्ण अंध असावे लागतात, त्यामुळे थोडे दिसणाऱ्याला न दिसणाऱ्याशी सतत बोलत राहावे लागते.

वाचन : ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ पासून.

मुली : नकोशा स्पर्शाला ठाम नकार देणे हेही याच कौशल्यांत मोडते.

हक्क : वरील अधिनियमाच्या कलम ३१ नुसार ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलास परिसरातील शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.