हायड्रोजनाचे कोठार

रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानक संघटना १९५७ पासून लखनौला आहे. जींद ते सोनीपत या मार्गासाठी योजलेल्या, हायड्रोजनवर चालणाऱ्या भारतीय आगगाडीचे तांत्रिक निकष तेथेच ठरले. या गाडीत हायड्रोजन टाक्यांमध्ये दाबून भरावयाचा असतो. हा चंचल वायू एखाद्या घन पदार्थात बांधून ठेवता येणार नाही काय?

प्रश्न जुना आहे. पॅलेडियम धातू आपल्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन शोषून घेतो, हे टॉमस ग्रॅहॅम यांना १८६६ मध्ये आढळले. परंतु तो धातू पडला मौल्यवान. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात श्लेसिंगर व ब्राउन यांनी शिकागो येथे सोडियम बोरोहायड्राइड सिद्ध केले. पाणी व उत्प्रेरक यांची जोड मिळताच या पांढऱ्या भुकटीच्या एका ग्रॅमपासून सुमारे २.४ लिटर वायू सुटतो. मात्र मागे उरलेल्या बोरेटाचे पुन्हा बोरोहायड्राइड करण्यात पुष्कळ ऊर्जा खर्ची पडते. मॅग्नेशियमाच्या हायड्राइडात वजनाच्या ७.६ टक्के हायड्रोजन मावतो. पण तो सोडविण्यास सुमारे ३०० अंश सेल्सियस तापमान लागते. लँथॅनम व निकेल यांची मिश्रधातू नेहमीच्या तापमानालाच वायू घेते व देते. तिच्या शंभर किलोंत मात्र जेमतेम दीड किलो मावतो. तरीही वाराणसीच्या हिंदू विद्यापीठात ओंकारनाथ श्रीवास्तव यांनी हायड्राइडांच्या बळावर मोटारसायकली चालवून दाखविल्या.

वजनाला हलके, अल्प उष्णतेत वायू सोडणारे आणि पुन्हा सहज भरता येणारे संयुग हाती येईपर्यंत आगगाडीला टाक्याच वाहाव्या लागणार.