उत्तेजक चाचणी : चेन्नईतील विक्रम आणि अहवालाची वेळ

जून २०२२ मध्ये चेन्नईत झालेल्या राष्ट्रीय आंतरराज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत कर्नाटकच्या ऐश्वर्या बाबूने तिहेरी उडीत १४.१४ मीटरची झेप घेतली. मयूखा जॉनीचा २०११ मधील १४.११ मीटरचा राष्ट्रीय विक्रम मागे पडला आणि बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेसाठी ऐश्वर्याचे स्थान भक्कम झाले. मात्र याच स्पर्धेदरम्यान घेतलेल्या तिच्या नमुन्यांत ऑस्टारिन हे स्नायूवर्धक द्रव्य आढळले. राष्ट्रकुल स्पर्धेच्या उद्घाटनाच्या सुमारे आठवडाभर आधी हे उघड झाले, तिला संघातून वगळण्यात आले आणि पुढे चार वर्षांची बंदी आली.

या कारवाईच्या मुळाशी असलेला नियम कठोर आहे. शरीरात जे आढळेल, त्याला खेळाडू स्वतः जबाबदार असतो. गोळी कोणी दिली, ती कशासाठी घेतली, हे प्रश्न दोष सिद्ध करताना नव्हे, तर शिक्षा ठरवताना विचारात घेतले जातात. ऑस्टारिनसारख्या द्रव्यासाठी पहिल्या गुन्ह्याला सर्वसाधारणपणे चार वर्षांची बंदी असते. सेवन हेतुपुरस्सर नव्हते, हे सिद्ध करण्याचा भार खेळाडूवरच असतो. आरोप वेळेत मान्य करून शिक्षा स्वीकारल्यास एक वर्ष कमी होते. तमिळनाडूची धावपटू एस. धनलक्ष्मी हिला २०२२ च्या प्रकरणात तीन वर्षांचीच बंदी झाली.

चाचणीची पद्धत ठरलेली आहे. खेळाडूला सूचना मिळाल्यापासून नमुना देईपर्यंत सोबत्याच्या देखरेखीखाली राहावे लागते. किमान ९० मिलिलिटर मूत्र ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत मोहोरबंद होते आणि प्रयोगशाळेकडे नावाऐवजी फक्त क्रमांक जातो. ‘ए’ सदोष ठरल्यास खेळाडू ‘बी’ तपासण्याची मागणी करू शकतो. नोंदणीकृत गटातील खेळाडूंनी रोजचा ठावठिकाणा आणि ६० मिनिटांची ठराविक वेळ कळवायची असते. बारा महिन्यांत तीन चुका झाल्यास द्रव्य न सापडताही बंदी येऊ शकते.

नियम कागदावर चोख असले तरी खरी कसोटी अहवालाच्या वेळेची असते. तमिळनाडूच्याच गोमती मारिमुथूचा नमुना १८ मार्च २०१९ रोजी पतियाळा येथील फेडरेशन चषक स्पर्धेत घेण्यात आला होता. त्याचा निष्कर्ष हाती येण्यापूर्वीच तिने एप्रिलमध्ये दोहा येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ८०० मीटर शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले. नॅन्ड्रोलोनचे अंश सिद्ध झाल्यावर पदक गेले आणि चार वर्षांची बंदी आली. अहवाल वेळेत मिळाला असता, तर ती दोहाला गेलीच नसती, असे राष्ट्रीय महासंघाचे म्हणणे होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने (वाडा) दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची मान्यता निलंबित केली. ती डिसेंबर २०२१ मध्ये परत मिळाली. तोवर भारतीय नमुने परदेशी धाडावे लागत होते.

चेन्नईतील स्पर्धेनंतर दोनच महिन्यांत, ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक कायदा संमत झाला आणि राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेला (नाडा) वैधानिक आधार मिळाला. नव्या तंत्राने फेरतपासणी करता यावी, म्हणून नमुने दहा वर्षांपर्यंत जपून ठेवण्याची तरतूदही जागतिक संहितेत आहे.