अर्धी हिंट

नव्वदच्या दशकात नगरला, म्हणजे आत्ताच्या अहिल्यानगरला, एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’वर अडकलो होतो. १९८९चा गेम, वेळ फक्त ६० मिनिटं. बाराव्या लेव्हलला आपलीच सावली तलवार घेऊन येते. तिला मारलं की घाव आपल्याला!

गूगल नव्हतं. अमेरिकेत १९८०च्या दशकात इन्फोकॉम कंपनी तिच्या गेमसाठी अदृश्य शाईतल्या हिंटची पुस्तकं विकायची. खास पेन फिरवलं की हिंट उमटायची. आधी नुसता इशारा, शेवटी थेट उत्तर. आमच्याकडे होता वरच्या बॅचचा दादा. एवढंच म्हणाला, "अरे, स्वतःशीच काय भांडतोय?" पुढचं सांगेचना!

दोन आठवडे डोकं खाल्लं. मग एकदा तलवार म्यान केली, पुढे धावलो, अन् सावली माझ्यातच मिसळली.