सेवाग्रामची छायाचित्रे आणि त्यांचे दीर्घकालीन जतन

वर्धा जिल्ह्यातील सेगाव येथे महात्मा गांधी १९३६ मध्ये वास्तव्यास आले. १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील आश्रमजीवन कनू गांधी (१९१७-१९८६) यांनी कॅमेऱ्यात टिपले. फ्लॅश वापरायचा नाही, छायाचित्रासाठी मुद्दाम बसायला सांगायचे नाही आणि खर्च आश्रम देणार नाही, या गांधीजींच्या अटी होत्या. त्यामुळे ही छायाचित्रे त्या जीवनाचे अकृत्रिम साधन ठरतात.

तत्कालीन कृष्णधवल छायाचित्रातील प्रतिमा प्रामुख्याने जिलेटिनच्या थरातील चांदीच्या सूक्ष्म कणांची असते. धुलाईनंतर हायपो शिल्लक राहिल्यास ती पिवळी पडते. वर्ध्याच्या प्रखर उन्हाळ्यात हा ऱ्हास वेग घेतो. पावसाळी दमटपणात जिलेटिन फुगते, प्रती एकमेकींना चिकटतात व बुरशी धरते. म्हणून प्रत्येक प्रत आम्लमुक्त कागदात वा पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवणे, पीव्हीसीचे आल्बम व डिंक टाळणे आणि सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांदरम्यान स्थिर राखणे आवश्यक ठरते.

स्कॅनिंगमुळे मूळ प्रतीची हाताळणी कमी होते, तिची गरज संपत नाही. मागील बाजूवरील तारीख, शिक्का व हस्ताक्षर हीदेखील पुराव्याचीच अंगे होत. मूळ प्रत नष्ट झाल्यास इतिहासकाराला पडताळणीचा आधारच उरत नाही.